तांब्याची तार जाणार, फायबर येणार: सातिवली-वसईतल्या घरांनी लँडलाइन बदलताना काय तयारी ठेवावी?

१२ ऑक्टोबर २०२०. सोमवारची सकाळ. दहाच्या सुमारास मुंबई महानगरातल्या मोठ्या भागाची वीज एकाच वेळी गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोरोनाचे दिवस होते, अनेक जण घरून काम करत होते, त्यांचे वायफाय बंद पडले. ज्यांच्याकडे तांब्याच्या तारेवरचा साधा, वायरचा लँडलाइन होता, त्यांच्या फोनला मात्र घरातल्या विजेची गरजच नव्हती. त्या फोनला लागणारी वीज त्याच तारेतून, थेट टेलिफोन एक्सचेंजमधून येते.

हाच फोन आता बदलतोय. वसई-विरार पट्ट्यात बीएसएनएलचे जुने लँडलाइन ग्राहक तांब्याच्या तारेवरून ऑप्टिकल फायबरवर हलवले जात आहेत. नव्या फोनवर आवाज स्वच्छ येतो, इंटरनेटचा वेग कितीतरी वाढतो, पावसाळ्यातली खरखर जाते. पण घरातली वीज गेली आणि बॅकअप नसेल, तर फोनही बंद होतो.

वसई पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराजवळ असलेल्या सातिवलीत जुनी घरं, नव्या इमारती आणि औद्योगिक गाळे शेजारी शेजारी आहेत. त्यामुळे हा बदल इथे एकाच प्रकारचा नाही. एकट्या राहणाऱ्या आजींना पडणारा प्रश्न वेगळा आणि चार लाइनी असलेल्या कारखान्याला पडणारा वेगळा.

थोडक्यात काय?

- फायबरवरच्या लँडलाइनला घरात वीज लागते. छोटा यूपीएस किंवा इन्व्हर्टर नसेल, तर वीज गेल्यावर फोन बंद.
- फोन भिंतीतल्या जुन्या सॉकेटमध्ये नाही, तर नव्या फायबर मॉडेमच्या मागे लागतो.
- बीएसएनएलच्या तांब्यावरून बीएसएनएलच्याच फायबरवर जाताना जुना नंबर ठेवण्याची सोय आहे. कंपनी बदलली तर मात्र ०२५० चा जुना नंबर सोबत नेता येत नाही.
- जुनी कनेक्शन तोडण्याआधी नवा फोन नीट तपासून घ्या, वीज बंद करूनही तपासा.

नेमकं काय बदलतंय?

मुंबईत टेलिफोन एक्सचेंज सुरू झालं १८८२ साली. तेव्हापासून तत्त्व तेच राहिलं. ग्राहकाच्या घरापासून एक्सचेंजपर्यंत तांब्याच्या तारांची एक जोडी असते. बोलल्यावर आवाजाच्या लहरींसारखाच विजेचा प्रवाह कमी-जास्त होतो आणि तो तारेतून पुढे जातो. यालाच अ‍ॅनालॉग म्हणतात.

भारतातली एक्सचेंज मात्र बऱ्याच आधी डिजिटल झाली. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली, तिने देशी बनावटीची डिजिटल एक्सचेंज तयार केली आणि फोन गावोगावी पोहोचला. त्यामुळे आजचा जुना लँडलाइन अर्धा डिजिटल आहेच. एक्सचेंजमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि त्यांचं आकड्यांत रूपांतर होतं. अ‍ॅनालॉग उरलाय तो फक्त शेवटचा टप्पा, म्हणजे एक्सचेंज ते खांब, खांब ते डबा आणि डबा ते घर.

आता हा शेवटचा टप्पा बदलतोय. तांब्याच्या जागी केसासारखी बारीक काचेची तार येते आणि तिच्यातून विजेऐवजी प्रकाश जातो. घरात एक छोटी पेटी बसते. तिला तांत्रिक भाषेत ओएनटी म्हणतात, लोक सरळ फायबर मॉडेम किंवा राउटर म्हणतात. आवाजाचं आकड्यांत रूपांतर आता एक्सचेंजमध्ये नाही, तर तुमच्या घरातल्या या पेटीत होतं. म्हणजे एक्सचेंजचा एक छोटा तुकडाच घरात आला, असं समजायला हरकत नाही. आणि त्या तुकड्याला लागणारी वीज देण्याची जबाबदारीही घरावर आली.

कंपन्या तांबं का सोडतायत?

पहिलं कारण पाऊस. तांब्याच्या केबलच्या जोडात पाणी शिरलं की खरखर सुरू होते, कधी दुसऱ्याचं बोलणं ऐकू येतं, कधी फोन डेड होतो. वसईतल्या पावसाळ्यात हा अनुभव जुना आहे. काचेच्या तारेतून वीज जात नसल्याने ओलाव्यामुळे अशी खरखर होत नाही.

दुसरं कारण चोरी आणि खोदकाम. तांब्याला भंगारात भाव मिळतो, काचेला मिळत नाही. रस्त्याच्या कामात केबल तुटली तर जाड तांब्याच्या केबलमधल्या शेकडो जोड्या एकेक करून जुळवाव्या लागतात. त्याला वेळही लागतो आणि ते काम येणारी माणसंही. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलच्या ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांच्यासोबत जुन्या लाइनची माहिती असणारे अनेक लाइनमनही गेले.

तिसरं कारण बाजार. ट्रायच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये देशात सुमारे २ कोटी वायरलाइन ग्राहक उरले होते. २०२४ च्या अखेरीस तो आकडा सुमारे ३.९ कोटींवर गेला. लँडलाइन परत आला तो मुख्यतः फायबर इंटरनेटचा जोडीदार म्हणून. ऑगस्ट २०२२ मध्ये जिओने वायरलाइन ग्राहकसंख्येत बीएसएनएलला मागे टाकलं. दोन-दोन जाळी सांभाळणं बीएसएनएलला परवडणारं नाही.

सगळ्यात मोठा फरक: वीज

जुन्या फोनच्या तारेत एक्सचेंजकडून सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा असतो. एक्सचेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्या आणि डिझेल जनरेटर असतात. त्यामुळे गावभर अंधार असला, तरी फोन उचलल्यावर डायल टोन यायचा.

काचेची तार वीज वाहून नेत नाही. फायबर मॉडेम घरातल्या प्लगवर चालतो. महावितरणची वीज गेली की मॉडेम बंद, आणि मॉडेम बंद की फोन बंद.

मोबाइल आहे की, असं कुणीही म्हणेल. पण वीज बराच काळ गेली की मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात, आणि सगळे एकाच वेळी फोन करू लागले की नेटवर्कवर ताण येतो. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरारमध्ये पाणी साचलं, रेल्वे थांबली, अनेक भागांत वीज खंडित झाली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात झाडं आणि विजेचे खांब पडले. अशा दिवशी घरात संपर्काची एकच वाट असणं धोक्याचं.

ब्रिटनमध्ये काय झालं?

हा बदल जगभर होतोय. ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन जाळं डिसेंबर २०२५ पर्यंत बंद करायचं ठरलं होतं. नंतर ती मुदत ३१ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली गेली. मुदत वाढण्यामागे एक गंभीर कारण होतं. तिथे सुमारे १८ लाख लोक गळ्यात किंवा मनगटावर आपत्कालीन बटण बाळगतात. ते दाबलं की लँडलाइनवरून मदत केंद्राला फोन जातो. डिजिटल लाइनवर हलवल्यावर काहींची ही यंत्रणा चाललीच नाही. अशा गंभीर घटना समोर आल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कंपन्यांना ग्राहकांना त्यांच्या संमतीशिवाय हलवणं थांबवायला लावलं.

तिथल्या दूरसंचार नियामकाचा आणखी एक नियम आहे. ज्यांना घरातून संपर्काचा दुसरा मार्ग नाही, अशा ग्राहकांना वीज गेल्यावर किमान १ तास आपत्कालीन सेवेला फोन करता येईल, अशी सोय कंपनीने द्यायची. अमेरिकेतही कंपन्यांनी ग्राहकांना बॅटरी बॅकअपचा पर्याय देणं २०२५ पर्यंत बंधनकारक होतं.

भारतात सगळ्या कंपन्यांसाठी अशी एकच देशव्यापी तारीख नाही. इथे बदल भागाभागाने होतो. कधी एखाद्या रस्त्यावरची केबल तुटते आणि ‘आता दुरुस्ती नाही, फायबर घ्या’ असं सांगितलं जातं. म्हणजे अनेक घरांसाठी हा निर्णय फोन बंद पडल्यावर घाईत घेतला जातो. म्हणूनच तयारी आधी हवी.

बॅकअप किती लागतो? साधा हिशोब

फायबर मॉडेम बहुतेक वेळा १२ व्होल्टवर चालतो. अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, ते पाहा. १२ व्होल्ट, १ अँपिअर म्हणजे जास्तीत जास्त १२ वॉट. प्रत्यक्षात वापर साधारण ८ ते १० वॉट धरा.

बाजारात ‘राउटर यूपीएस’ किंवा ‘मिनी यूपीएस’ नावाने छोट्या बॅटऱ्या मिळतात. त्यावर ८,००० एमएएच असं लिहिलेलं असेल आणि आतली बॅटरी ३.७ व्होल्टची असेल, तर तिची साठवण सुमारे ३० वॉट-तास होते. ३० ला १० ने भागलं की ३ तास. रूपांतरात थोडी वीज वाया जाते, म्हणून अडीच तास धरा. बॅटरी जुनी झाली की हा वेळ आणखी घटतो.

घरात १५० एएचची इन्व्हर्टर बॅटरी असेल, तर तिची साठवण कागदावर १,८०० वॉट-तास असते. त्यात १० वॉटचा मॉडेम म्हणजे किरकोळ भार. अशा घरात वेगळा यूपीएस घेण्याची गरज नाही. मॉडेमचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे ना, एवढंच वायरमनकडून पाहून घ्या. बऱ्याच घरांत इन्व्हर्टर फक्त पंखे आणि दिव्यांना जोडलेला असतो, हॉलमधल्या कोपऱ्यातल्या प्लगला नाही.

यूपीएस घेताना तीन गोष्टी जुळवा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर अ‍ॅडॉप्टरइतके किंवा जास्त हवेत आणि पिन मॉडेमला बसायला हवी. ९ व्होल्टचा यूपीएस १२ व्होल्टच्या मॉडेमला लावू नका. मॉडेम आणि वायफाय राउटर वेगवेगळे असतील, तर फोनसाठी मॉडेमला बॅकअप पुरतो, राउटरला नसला तरी फोन चालतो.

घरातला बॅकअप पुरेसा आहे का?

नेहमीच नाही. घर ते कंपनीचं यंत्र यांमध्ये रस्त्यात स्प्लिटर असतात. ते एका तारेतला प्रकाश साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटतात आणि त्यांना वीज लागत नाही. पण ज्या यंत्रातून हा प्रकाश निघतो, त्याला वीज लागते. हे यंत्र बीएसएनएलच्या एक्सचेंजमध्ये असेल, तर बॅटरी आणि जनरेटरची सोय असते. अनेक ठिकाणी मात्र फायबर टाकण्याचं आणि सांभाळण्याचं काम स्थानिक भागीदारांकडे असतं, म्हणजे बहुतेकदा केबलवाल्याकडे. त्याचं यंत्र एखाद्या इमारतीच्या खोलीत असेल आणि तिथे लहानसा यूपीएस असेल, तर तुमच्या घरात बॅकअप असूनही लाइन जाईल.

म्हणून कनेक्शन घेतानाच एक प्रश्न विचारा: ‘आमच्या लाइनचं मशीन कुठे आहे आणि वीज गेल्यावर ते किती तास चालतं?’ सोसायटीतल्या दहा घरांनी मिळून विचारलं, तर उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

जुना फोन चालेल का?

बटणाचा साधा वायरचा फोन बहुतेक वेळा चालतो. त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटमधून काढून मॉडेमच्या मागच्या फोनच्या खाचेत लावायची. इंटरनेटची खाच मोठी असते, फोनची लहान.

गोल चकतीचा जुना फोन बऱ्याच नव्या मॉडेमवर अडतो. येणारा फोन घेता येईल, पण नंबर फिरवता येणार नाही. कारण तो चकतीच्या ठोक्यांनी नंबर पाठवतो आणि नवी पेटी बटणांचे सूर ओळखते.

कॉर्डलेस फोनच्या बेसला स्वतःची वीज लागते. म्हणजे मॉडेमला बॅकअप दिला आणि कॉर्डलेसला नाही, तर उपयोग शून्य. घरात एक तरी साधा वायरचा फोन ठेवा.

दुसऱ्या खोलीतल्या एक्स्टेन्शनचं काय? नव्या पद्धतीत फक्त मॉडेमला जोडलेला फोन वाजतो. आतल्या खोलीतला फोन हवा असेल, तर मॉडेमच्या फोनच्या खाचेतून घरातल्या जुन्या वायरिंगला जोड देता येते. पण त्याआधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी पूर्ण वेगळी करावी लागते. तिच्यात एक्सचेंजची वीज असू शकते आणि ती उलटी मॉडेममध्ये गेली, तर तो बिघडू शकतो. हे काम लाइनमनकडूनच करून घ्या. एकाच मॉडेमवर खूप फोन जोडले, तर घंटी नीट वाजत नाही. दोन-तीनपेक्षा जास्त नकोत.

मॉडेम कुठे बसवायचा?

तळमजल्यावरच्या घरात ही बाब महत्त्वाची. साचलेलं पाणी घरात येणाऱ्या भागात मॉडेम, यूपीएस आणि प्लग कमरेच्या वर बसवा. खिडकीजवळ, जिथे पावसाचे शिंतोडे येतात तिथे नको. काचेची तार काटकोनात दुमडू नका, दाराच्या फटीत दाबू नका, उंदीर फिरतात अशा माळ्यावरून नेऊ नका. सुटलेल्या तारेच्या टोकात डोळा लावून पाहू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.

नंबर तोच राहील का?

भाईंदरची खाडी ओलांडली की ०२२ जाऊन ०२५० येतो. मुंबईचं जाळं एमटीएनएलचं, वसईचं बीएसएनएलचं, ही जुनी विभागणी. वसईत अनेक घरांचा ०२५० चा नंबर दोन-तीन दशकांपासून तोच आहे. बँकेत, गॅस एजन्सीत, लग्नपत्रिकेत, दुकानाच्या पाटीवर तोच लिहिलेला असतो.

बीएसएनएलच्या फायबरवर जाताना जुना नंबर कायम ठेवता येतो. पण अर्जात ‘जुना नंबर कायम ठेवावा’ असं स्पष्ट लिहा. जुनं कनेक्शन आधी बंद करून नवं मागितलं, तर नवा नंबर मिळू शकतो. क्रम महत्त्वाचा आहे: आधी रूपांतराचा अर्ज, मग बदल. आधी बंद करण्याचा अर्ज देऊ नका.

दुसऱ्या कंपनीकडे गेलात तर नंबर बदलणार. मोबाइलसारखी ‘पोर्ट’ करण्याची सोय भारतात लँडलाइनला नाही.

डायल करण्याची सवयही बदलत आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावावा लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने आणखी एक शिफारस केली आहे: लँडलाइनवरून स्थानिक लँडलाइनला फोन करतानाही ० आणि एसटीडी कोड लावायचा. ती अमलात आली, तर सातिवलीतून वसई गावात फोन करतानाही ०२५० फिरवावं लागेल. डायरीत, फोनच्या मेमरीत नंबर आतापासूनच पूर्ण लिहिलेले बरे.

गाळे, दुकानं आणि सोसायट्यांसाठी

सातिवली, वालीव, गोखिवरे या पट्ट्यातल्या औद्योगिक गाळ्यांत फोन म्हणजे फक्त बोलणं नाही. लाइन बदलण्याआधी तिला काय काय जोडलंय याची यादी करा.

इंटरकॉमची पेटी: बाहेरच्या दोन-चार लाइनी आत वीस टेबलांवर वाटणारी ईपीएबीएक्स असेल, तर प्रत्येक बाहेरच्या लाइनला मॉडेमवर वेगळी खाच लागते. घरगुती मॉडेमवर एक किंवा दोनच असतात. जास्त लाइनींसाठी वेगळं यंत्र किंवा कंपनीची व्यावसायिक सेवा घ्यावी लागते. इंटरकॉमच्या देखभालवाल्याला आधी बोलवा, नंतर नाही.

फॅक्स: अजून फॅक्स लागत असेल, तर नव्या लाइनवर दोन्ही बाजूंनी पानं पाठवून पाहा. आवाजासाठी बनवलेल्या डिजिटल लाइनवर फॅक्स मध्येच तुटतो.

कार्ड मशीन: जुनं मशीन फोनची वायर लावून चालत असेल, तर बँकेकडून सिमकार्ड किंवा वायफायवर चालणारं मागवा.

आग आणि चोरीचा अलार्म: काही यंत्रणा धोक्याच्या वेळी आपोआप फोन लावतात. ब्रिटनमध्ये अडचण नेमकी अशाच उपकरणांत आली. बदलानंतर यंत्रणा बसवणाऱ्याला बोलावून प्रत्यक्ष चाचणी घ्या आणि तिला सिमकार्डचा दुसरा मार्ग आहे का, ते विचारा.

लिफ्ट: सोसायटीच्या लिफ्टमधला फोन चौकीदाराच्या केबिनला जोडलेला असेल, तर फरक पडत नाही. बाहेरच्या लाइनला असेल, तर फरक पडतो. सचिवांनी एकदा तपासून घ्यावं.

माणूस घरी येईल त्या दिवशी

नवी लाइन जोडून झाल्यावर सही करण्याआधी या चाचण्या घ्या. पंधरा मिनिटं पुरतात.

१. लँडलाइनवरून एका मोबाइलला फोन करा, आधी ० लावून.
२. मोबाइलवरून लँडलाइनला फोन करा. घंटी वाजते का, नंबर दिसतो का?
३. एका फोनवर पाच-दहा मिनिटं बोला. मध्येच तुटतोय का?
४. गॅस बुकिंग किंवा बँकेच्या स्वयंचलित फोनवर बटणं दाबून पाहा. ‘१ दाबा’ म्हटल्यावर १ पोहोचतो का?
५. मॉडेमचा भिंतीवरचा स्विच बंद करा, यूपीएसवर फोन सुरू राहतो का ते पाहा.
६. मॉडेम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि किती मिनिटांनी डायल टोन येतो ते लिहून ठेवा. वीज परत आल्यावर तेवढं थांबावं लागेल.

तपासणीसाठी ११२ किंवा १०८ वर फोन करू नका. त्या क्रमांकांवर खऱ्या गरजेचे फोन येत असतात. मात्र कंपनीकडे नोंदलेला पत्ता बरोबर आहे ना, ते पाहा. घर बदललं, विंग बदलली आणि पत्ता जुनाच राहिला, तर लँडलाइनच्या नोंदीवरून मदत चुकीच्या दारात जाऊ शकते.

एसटीडी लॉक, कॉल फॉरवर्ड अशा जुन्या सुविधा आपोआप येतील असं धरू नका. हव्या असतील तर पुन्हा मागून घ्या.

दिवे काय सांगतात?

फोन बंद पडला की आधी मॉडेमचे दिवे पाहा. ‘पॉवर’ बंद असेल, तर वीज किंवा अ‍ॅडॉप्टर. ‘लॉस’ लाल लुकलुकत असेल, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही, तार तुटली किंवा निघाली आहे. मॉडेम दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, तक्रार नोंदवा. ‘लॉस’ बंद, इंटरनेट चालू, पण फोनचा दिवा बंद असेल, तर बिघाड फक्त फोन सेवेचा आहे. तक्रार करताना ‘फोन बंद आहे’ एवढंच न सांगता दिव्यांची स्थिती सांगितली, तर योग्य माणूस योग्य साहित्य घेऊन येतो.

पैसे आणि कागद

अर्जाची प्रत, ग्राहक क्रमांक आणि जुनं शेवटचं बिल जपून ठेवा. हे प्रश्न आधीच विचारा: मॉडेम विकत आहे की भाड्याने? जोडणीचा खर्च किती? जुनी अनामत रक्कम नव्या खात्यात वळते होणार की परत मिळणार? महिन्याचा आकडा १८ टक्के जीएसटी धरून आहे की सोडून? ज्यांना इंटरनेट नको, फक्त बोलायचं आहे, त्यांनी सगळ्यात स्वस्त योजना नावासकट लिहून मागावी. रोख पैसे दिले तर पावती घ्यावी, मग समोर बीएसएनएलचा माणूस असो की केबलवाला.

बदल नावावर खेळवू नका

बदलाच्या काळात फसवणूकही वाढते. ‘दोन तासांत तुमचा फोन बंद होईल, ९ दाबा’ असे रेकॉर्ड केलेले फोन येतात. ट्राय कुणाचाही फोन बंद करण्यासाठी असे फोन करत नाही. लाइन फायबरवर नेण्यासाठी ओटीपी, बँकेचा तपशील किंवा मोबाइलवर एखादं अ‍ॅप घेण्याची गरज नसते. संशय आला तर फोन ठेवा आणि बिलावर छापलेल्या क्रमांकावर किंवा बीएसएनएल लँडलाइनवरून १५०० वर स्वतः फोन करा. संशयास्पद फोनची माहिती संचार साथी संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ सुविधेत देता येते. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कळवा.

घरात ज्येष्ठ असतील तर

लँडलाइन आजही जपणाऱ्यांत ज्येष्ठ नागरिक मोठ्या संख्येने आहेत. मोठी बटणं, ओळखीची घंटी, चार्जिंगची कटकट नाही. मुलं पुण्यात, आखातात किंवा कॅनडात असतील, तर रोजचा ठरलेला फोन याच नंबरवर येतो. फोन लागला नाही की तिकडे जीव टांगणीला लागतो.

अशा घरात पाच गोष्टी करून ठेवा. मॉडेमचा स्विच ‘बंद करू नये’ असं लिहून चिकटवा, कारण रात्री सगळे स्विच बंद करायची सवय असते आणि त्यासोबत फोनही बंद होतो. यूपीएस किती तास चालतो, ते त्यांना सांगा. एक साधा बटणांचा मोबाइल चार्ज करून फोनशेजारी ठेवा आणि त्यात शक्यतो दुसऱ्या कंपनीचं सिम टाका. शेजारच्या दोन घरांचे नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. आणि दर दोन-तीन महिन्यांनी एकदा स्विच बंद करून फोन चालतो का, ते पाहा. पावसाळ्याआधी मे महिन्यात तर नक्कीच.

तांब्याची तार फार काही न मागता काम करत राहिली, म्हणून तिच्या विजेची काळजी कुणी केली नाही. फायबर जास्त देतं, पण घराकडून थोडी तयारी मागतं. ही तयारी म्हणजे इन्व्हर्टरवरचा एक प्लग किंवा एक छोटा यूपीएस, एक वायरचा फोन आणि पंधरा मिनिटांची चाचणी. ती वीज जाण्याआधी झालेली असावी.